सातपुते साहेबांची पूर्वतयारी

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने दंडावर एक पांढरी चकती चिकटवून घेतली. चकती कसली, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी. ती कातडीखालची साखर दर काही मिनिटांनी मोजते आणि मोबाईलवर तिची रेघ काढत राहते. सकाळी रेघ सपाट, जेवणानंतर चढण, आणि पोराच्या डब्यातला उरलेला शिरा ओट्याशी उभ्याउभ्या तोंडात टाकला की लगेच एक टेकाड. "मावशी, चोरून काही खाताच येत नाही गं," भाची रडकुंडीला येऊन म्हणाली, आणि मी हसत सुटले. मला सातपुते साहेब आठवले. हे यंत्र साहेबांच्या वेळी निघालं असतं, तर ते चिकटवायला त्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी दंड शोधून आणला असता.

हे मी उगाच म्हणत नाही. पुढे कळेलच.

नव्वदच्या दशकात संगमनेरला, नाशिक-पुणे रस्त्यावर, स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब होती. दोन खोल्या. पुढच्या खोलीत पेशंटसाठी एक लांब बाक, आतल्या खोलीत मी, माझ्या काचेच्या नळ्या आणि स्पिरिटचा दिवा. समोर रस्त्यापलीकडे रसवंती. रक्तातली साखर तपासायला आलेला माणूस माझ्या बाकावर बसून समोरचा उसाचा चरक फिरताना बघत असे, आणि ही जागा निवडणारीच्या अकलेबद्दल मनात काय म्हणत असेल ते मला माहीत होतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजता सातपुते साहेब येत. शिक्षण खात्यातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर तालुक्यातल्या प्राथमिक शाळा तपासत फिरलेले. निवृत्त झाले तरी तपासणी अंगातून गेली नव्हती. बदामी सफारी, हातात छत्री. दार उघडं असलं तरी छत्रीच्या टोकाने ते दोनदा ठोठावायचे. आत आले की टेबलाच्या कडेवरून बोट फिरवून ते बोट उजेडात धरायचे. कॅलेंडरचं पान उलटलंय का ते बघायचे. बाक भिंतीला समांतर आहे का ते बघायचे, आणि त्यावर माणसं बसलेली असली तर त्यांना उठवून समांतर करायचे. माझ्या टेबलावर पडलेले दुसऱ्यांचे रिपोर्ट उलटे असले तरी त्यांना सुलटे वाचता येत. "ताई," ते म्हणायचे, "त्या दूधवाल्यांचं हिमोग्लोबिन काळजी करण्यासारखं आहे." दूधवाले बाकावरच बसलेले असायचे.

असा हा करारी माणूस सुईला मात्र भयंकर घाबरायचा. हात पुढे करायचा, मान फिरवायची, डोळे गच्च मिटायचे आणि एकोणतीसचा पाढा सुरू करायचा. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीपर्यंत सुई निघालेली असे, पण साहेब पाढा अर्धवट सोडत नसत. मी बोळा दाबून उभी, आणि हे एकोणतीस दाहेपर्यंत जाणार.

आकडा मात्र दर वेळी दृष्ट लागावी असा. उपाशीपोटी एकशे सहा. एकशे दोन. एकदा तर अठ्ठ्याण्णव आला. तो रिपोर्ट साहेबांनी लॅमिनेट करून घेतला. आमच्या गावचे थोरले डॉक्टर दुसऱ्या पेशंटना साहेबांचं उदाहरण द्यायचे, आणि डॉक्टरांनी दिलं नाही तर साहेब स्वतः द्यायचे. रक्त देऊन झालं की ते माझ्या बाकासमोर उभे राहून व्याख्यान देत. विषय एकच, इच्छाशक्ती. "मधुमेह हा रोग नाही," छत्री आपटत ते म्हणायचे, "बेशिस्त आहे. बेशिस्त! जीभ आपली आहे की आपण जिभेचे आहोत, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा."

एकदा सुकेवाडीकडची एक म्हातारी बाकावर होती. तिने सगळं व्याख्यान नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, मंग परवा तुमी रसवंतीत काय करत हुता?"

"पाहणी," साहेब म्हणाले.

"दोन गिल्लास?"

"रोगाची कारणं समजून घ्यावी लागतात, आजी."

सगळ्या गावाला ठाऊक होतं. पेढ्याच्या दुकानात साहेब 'चव बरोबर आहे का' ते बघायला जायचे. लग्नसराईत एकही मांडव सोडायचे नाहीत, आणि मांडवातून निघाले की सफारीच्या खिशात कागदात बांधलेलं काहीतरी असायचंच. मग अठ्ठ्याण्णव यायचा कुठून? हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. साहेब रिपोर्ट न्यायचा विसरले म्हणून काकू एकदा आल्या होत्या. काटकुळ्या, चटपटीत, पदर खोचलेला. बाकावर टेकायच्या नाहीत. उभ्यानंच बोलायच्या आणि बोलता बोलता माझ्या खिडकीचा पडदासुद्धा सारखा करायच्या.

"शुक्कारपासनं आमच्या घरात पूर्वतयारी लागती," काकू म्हणाल्या. "शुक्कारी कारल्याचा रस. शनवारी अर्धी भाकर आन् मेथी. रईवारी नुसतं ताक, आन् परवरा नदीच्या घाटापत्तुर तीन खेपा. तीन दिस घरात कुनी हसायचं न्हाई."

"आणि घरातलं गोडधोड?"

"ते मला संपवाया लागतं. म्हन्त्यात, डोळ्यापुढं नको. टाकून थोडंच द्यायचं?"

पुढच्या सोमवारी मी साहेबांना सरळच विचारलं. म्हटलं, हे तीन दिवसांचं रक्त झालं, बाकीच्या सत्तावीस दिवसांचं काय? साहेब रागावले नाहीत. उलट, अडाणी मास्तरला समजावून सांगावं तसं त्यांनी मला समजावलं. "ताई, तपासणी म्हणजे शाळा कशी आहे ते बघणं नव्हे. शाळा कशी असू शकते ते बघणं. माणसाने मनात आणलं तर तो अठ्ठ्याण्णव आणू शकतो, हे सिद्ध झालं ना? मग झालं तर."

या तत्त्वावर साहेबांची सबंध नोकरी उभी होती आणि त्याचा पुरावा आमच्याच घरात होता. माझे वडील तिसगावजवळच्या एका वस्तीवर शिक्षक होते. पटावर अडतीस मुलं, शाळेत पंधरा. तेव्हा साहेब पाथर्डी तालुक्यात होते. तपासणीचं पत्र ते आठ दिवस आधी पाठवायचे, म्हणजे कुणाची गैरसोय व्हायला नको. त्या आठ दिवसांत भिंतींना चुना लागायचा आणि शेजारच्या वस्तीवरच्या शाळेतून मुलं उसनी आणली जायची. दुसऱ्या दिवशी तीच मुलं आणि आमची मुलं मिळून शेजारच्या शाळेत. एका वर्षी आदल्या दिवशी वडिलांच्या शाळेत पहिल्या रांगेत बसलेली, एका वेणीला लाल आणि एका वेणीला निळी रिबीन बांधलेली मुलगी दुसऱ्या दिवशी शेजारच्या शाळेतही पहिल्याच रांगेत सापडली. साहेबांनी तिला जवळ बोलावलं आणि नाव विचारलं. आदल्या दिवशी ती शकुंतला होती, आज ती मंगल निघाली. दोन्ही मास्तरांना घाम फुटला. साहेबांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, "दोन्ही नावं छान आहेत," म्हणाले, आणि दोन्ही शाळांना 'उपस्थिती समाधानकारक' असा शेरा दिला. वडील हा किस्सा मरेपर्यंत हसत हसत सांगत. त्या पंधरा मुलांना पुढे काय लिहिता-वाचता आलं, हे मात्र ते कधी सांगत नसत, आणि मीही कधी विचारलं नाही.

सगळं असंच सुरळीत चाललं असतं. पण थोरल्या डॉक्टरांचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि दवाखान्यात बसू लागला. धाकटे डॉक्टर शांत, हसतमुख आणि एकदम चिवट. साहेबांनी त्यांच्यापुढे वर्षभराचे बारा रिपोर्ट ओळीने मांडले, लॅमिनेट केलेला सगळ्यात वर. धाकट्या डॉक्टरांनी ते बघितले, साहेबांच्या पायाला टाचणी टोचून बघितली, डोळ्यांत उजेड मारून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, सोमवार सकाळचे सात मला पाठ झाले. मला बाकीचे तास बघायचेत. साखर काही एका जागी बसून राहत नाही. दिवसभर ती वर-खाली होत असते. जेवल्यावर किती जाते, संध्याकाळी किती उतरते, ते कळल्याशिवाय तुमचा आजार ताब्यात आहे की नाही ते मी सांगू शकत नाही."

"म्हणजे कधी येऊ? पत्र पाठवा," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी पत्र पाठवलं नाही. एका गुरुवारी संध्याकाळी त्यांचा कंपाउंडर साहेबांच्या दारात चार रिकाम्या बाटल्या घेऊन उभा राहिला. सकाळची, दुपारच्या जेवणानंतरची, संध्याकाळची आणि रात्रीच्या जेवणानंतरची. उद्याच लघवी भरायची आणि परवा लॅबवर पोचवायची. त्या काळी बोटाला टोचून क्षणात साखर सांगणारी यंत्रं आमच्या गावात कुणाकडे नव्हती. दिवसभराचा अंदाज घ्यायचा तर हीच रीत. निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. साखर नसेल तर पाणी निळं राहतं. मग जसजशी साखर वाढेल तसं हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी.

त्या शुक्रवारी साहेबांना घोडेगावच्या एका लग्नाचं आमंत्रण होतं. पूर्वतयारीला एक दिवससुद्धा नाही. दुसरा कुणी असता तर लग्नाला गेला नसता. साहेब लग्नालाही गेले आणि शनिवारी सकाळी चारही बाटल्या काठोकाठ भरून, प्रत्येकीवर सुंदर अक्षरात वेळ लिहिलेली चिठ्ठी डकवून, माझ्या टेबलावर हजर झाले. चेहरा प्रसन्न. बाकावर बसले, आणि दूधवाल्यांना इच्छाशक्तीबद्दल दोन शब्द सांगितले.

मी आत दिवा पेटवला. पहिली नळी नारिंगी. दुसरी विटकरी. तिसरी विटकरी, चौथीही विटकरी. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतकी वर्षं हा माणूस माझ्या टेबलावरची धूळ काढत होता, आज याच्या आतली बाहेर आली, असं मला वाटलं. चारही नळ्या स्टँडमध्ये लावून, उजेडात नीट दिसतील अशा धरून, मी पुढच्या खोलीत आले.

"हे शक्य नाही," साहेब म्हणाले.

"का शक्य नाही?"

"बाटल्या बदलल्या असतील."

"चिठ्ठ्या तुमच्याच अक्षरातल्या आहेत."

"पुन्हा करा."

मी त्यांच्यासमोर पुन्हा केलं. नारिंगी, विटकरी, विटकरी, विटकरी. साहेब त्या नळ्यांकडे असे बघत राहिले की मला वाटलं, आता छत्री घालतात माझ्या डोक्यात. पण ते खाली बसले आणि अगदी हळू विचारलं, "एवढी साखर असली की काय होतं?"

ही संधी मी सोडते होय? इतक्या सोमवारांची व्याख्यानं मी त्या एका सकाळी परत फेडली. म्हटलं, साहेब, माणसाला तहान तहान होते. कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही, काटकुळा होत जातो. पायाला बारीकसं काही लागलं तरी भरत नाही. मग बोट काळं पडतं. बोटावर भागलं तर नशीब, नाहीतर पाय कापायची वेळ येते.

"कशानं लागलेलं? काटा वगैरे?"

"काटा पुरतो."

साहेब उठले आणि निघून गेले. छत्री बाकाला टेकलेली तशीच राहिली. दिवसभर जो येईल त्याला मी साहेबांचा चेहरा कसा पडला ते रंगवून सांगितलं. सुकेवाडीच्या म्हातारीने तर टाळीच दिली. मला आजही त्या टाळीची लाज वाटते.

त्यानंतर साहेब धाकट्या डॉक्टरांकडे फिरकले नाहीत. डॉक्टरांनी दोनदा निरोप पाठवला. नऊ दिवसांनी पहिला सोमवार आला, आणि सकाळी सात वाजता साहेब माझ्या दारात उभे. दार ठोठावलं नाही, टेबलावर बोट फिरवलं नाही. बरोबर काकू. "सहज," साहेब म्हणाले, "हिचीही एकदा उपाशीपोटी बघून टाका. माझं पुढच्या वेळी."

काकूंनी हात पुढे केला. सुई टोचली तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. त्या खिडकीच्या पडद्याकडे बघत होत्या. आकडा आला एकशे अडतीस. त्या काळी एकशे चाळीसच्या आत असलं की आम्ही त्याला मधुमेह म्हणत नसू. मी रिपोर्ट लिहिला आणि सांगितलं, "काठावर आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही. गोड जरा कमी करा."

साहेबांनी इतका मोठा श्वास सोडला की बाकावरच्या लोकांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला तो जुना, शेरा देऊन जीपकडे निघालेला अधिकारी दिसला. "चल," ते काकूंना म्हणाले.

काकू दारापाशी चपला घालायला वाकल्या आणि एक पाय घालताना त्यांनी दाराची चौकट धरली. पायाच्या बोटांना फडकं बांधलं होतं, हळदीने पिवळं झालेलं.

"पायाला काय झालं हो?" मी विचारलं.

"काटा गेल्ता, परसातल्या कुपाटीचा. तीन आठवडं झालं. भरंल की."

"दाखवा मग डॉक्टरांना, सावकाश," मी म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सावकाश म्हटलं मी. एकशे अडतीसवाल्या बाईला आणखी काय सांगणार?

दोघं पायऱ्या उतरले. मी नळीवर नाव लिहीत होते, तेवढ्यात साहेब एकटेच परत वर आले आणि बाकासमोर, व्याख्यानाच्या जागी उभे राहिले. साहेबांचं बोलणं एरवी छापील पुस्तकातलं. इतक्या वर्षांत गावाकडचा एक शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"ताई, त्यो आकडा खोटा हाय," ते म्हणाले. "तीन दिस तिला कारलं पाजलंय. माझी गोळी अर्धी अर्धी देतोय. त्या चार बाटल्या तिच्या हुत्या. माझ्या न्हवत्या."

बाकावर सात-आठ माणसं होती.

"मला वाटलं, तिला काय धाड भरलीय. कदी आजारी पडली न्हाई. निळ्या येतील चारी." साहेबांनी हातातला रिपोर्ट मला परत दिला. "त्या दिवशी तुमी काट्याचं बोलला आन् मला कळलं. पन सांगू कसं? सांगायचं तर बाटल्यांचं सांगाया लागतंय."

काकू पायरीवर येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तुमी तर म्हनला, जिल्ह्याची मोहीम हाय, बायांची तपासनी हाय," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं बी, सरकारला हे बी लागतंय का."

"सरकार न्हाई. मीच."

काकूंनी विचारलं, "मंग पास कोन झालं?"

दूधवाल्यांनी उठून काकूंना जागा करून दिली, आणि मी काकूंना बाकावर टेकलेलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी खाली बसून फडकं सोडलं. करंगळी टोकापासून मधल्या पेरापर्यंत काळी पडली होती आणि तिच्या भोवतीची कातडी लाल, चकचकीत. मी त्यांना विचारलं, दुखत नाही का? त्या म्हणाल्या, न्हाई की, म्हनून तर काम करती.

धाकट्या डॉक्टरांनी त्यांना त्याच दुपारी नगरला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. करंगळी गेली, पाय राहिला. तीन आठवड्यांनी साहेब माझ्याकडे विसरलेली छत्री न्यायला आले. उभे राहिले, घुटमळले, आणि विचारलं, "ताई, त्याच शनिवारी मी बोललो असतो तर?"

"बोट राहिलं असतं," मी म्हटलं.

'कदाचित' हा शब्द तिथे लावायला हवा होता. वैद्यकीय दृष्ट्या तोच बरोबर होता. मी मुद्दाम लावला नाही. त्यांच्या व्याख्यानांचा राग होता, उसन्या मुलांचा होता, आणि त्या शनिवारी मीच काकूंच्या आजारावर टाळी घेतली होती, त्याचाही होता. तो सगळा मी त्यांच्यावर काढला. साहेबांनी मान खाली घातली आणि छत्री काखेत मारून निघून गेले.

त्यानंतर साहेब साधू झाले वगैरे काही समजू नका. रसवंतीवाला त्यांना अजूनही ओळखत होता. पण त्यांनी मुंबईच्या पुतण्याकडून बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र मागवलं. पट्ट्या महाग, मिळायच्या मुश्किलीने, त्यामुळे आठवड्यातून एक दिवस धरायचा आणि त्या दिवशी दोघांची सात-सात वेळा मोजायची. दिवस कोणता ते काकू ठरवायच्या, सकाळी उठल्यावर, आयत्या वेळी. साहेबांच्या बोटाला काकूच टोचायच्या. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. भर दुपारी दरवाज्यातूनच एकोणतीसचा पाढा ऐकू येत होता.

आकडे एका वहीत लिहिलेले असत, एका बाजूला 'सौ.', दुसऱ्या बाजूला 'मी', आणि खाली काय खाल्लं त्याची नोंद. ती वही घेऊन साहेब माझ्याकडे यायचे, वाटेल त्या वारी. 'मी'च्या खाली दोनशे बारा, दोनशे अठ्ठेचाळीस, एकशे नव्वद. इतक्या वर्षांत त्यांच्या आकड्यांवर माझा पहिल्यांदा विश्वास बसला, कारण ते वाईट होते. 'सौ.'चे आकडे महिन्या-महिन्याला उतरत गेले. इन्सुलिनची सुई काकू स्वतःच घ्यायच्या, आणि धाकटे डॉक्टर दुसऱ्या पेशंटना आता त्यांचं उदाहरण द्यायचे. बाकासमोरचं व्याख्यान बंद झालं. उलट बाकावरची माणसंच साहेबांना विचारायची, "साहेब, काल किती?" आणि साहेब तोंड वाकडं करून खरं सांगायचे. टेबलावरून बोट फिरवणं मात्र त्यांनी पुन्हा सुरू केलं होतं. मीही मग साहेब येणार म्हणून टेबल पुसायचं सोडून दिलं.

नव्व्याण्णव साली मी लॅब विकून नाशिकला गेले. त्याआधी उन्हाळ्यात गावाबाहेर एका लग्नात साहेब मला शेवटचे दिसले. मांडवात पुरुषांची पंगत एका अंगाला, बायकांची समोर. काकू माझ्यापासून चार पानं सोडून बसल्या होत्या, नव्या इरकलीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. डॉक्टरांनी अनवाणी चालायचं नाही म्हणून सांगितलेलं. त्या बुटांसकट पंगतीला बसल्या होत्या आणि कुणी बूट काढायला सांगितलंच तर काय ऐकवायचं ते त्यांचं ठरलेलं दिसत होतं. समोर वाढप्या बुंदीचे लाडू घेऊन साहेबांच्या पानापाशी थांबला. साहेबांनी नको म्हटलं नाही. वाढून झाल्यावर त्यांनी मांडीवर वही उघडली, लिहिलं, आणि काकूंकडे बघून एक बोट वर केलं.

"दोन हायेत पानात!" काकूंचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला.

साहेबांनी खोडून पुन्हा लिहिलं.

"आन् मघाशी हात धुताना उभ्यानं खाल्ला त्यो?"

आसपासचे लोक हसायला लागले. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा खोडलं, तीन लिहिलं, आणि उघडी वही वाढप्याच्या हातात देऊन म्हणाले, "तिकडं दे. सही घेऊन ये." वाढप्या एका हातात लाडवांचं ताट आणि एका हातात वही घेऊन दोन पंगतींच्या मधून आला. काकूंनी उजवा हात पानातच ठेवला, डाव्या हाताने वही जवळ ओढली आणि वरपासून वाचायला घेतली. त्यांना काही घाई नव्हती. समोर अख्खी पंगत जेवत होती, आणि साहेब हात आवरून, मान उंचावून तिकडे बघत बसले होते. वही परत येईपर्यंत त्यांनी पानाला हात लावला नाही.